तो रकाना मीच भरला होता

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मॅनेजरनं शुक्रवारी माझी सुट्टी मंजूर केली आणि मंगळवारी एचआरनं बोलावून राजीनामा मागितला. त्याला ठाऊक नसेल?" म्हटलं, उत्तर सगळ्यांसमोर देतो. त्या खुर्चीत मीही बसलोय.

नोकरकपातीत वरून खाली येतो तो आकडा. अमुक इतका खर्च कमी करा, एवढंच. नावं खालून वर जातात. आणि नावं देणाऱ्याला ती कशासाठी हवीत, हे बहुतेकदा सांगितलेलंच नसतं.

माझ्याकडे एक एक्सेल शीट आली. टीममधली 14 नावं आणि शेवटी एक नवा रकाना: 'क्रिटिकल – होय/नाही'. कारण काय, तर रिसोर्स प्लॅनिंग. संध्याकाळपर्यंत भरून द्या. मी सगळ्यांपुढे 'होय' लिहिलं; शीट परत आली. मग चौघांपुढे 'नाही' केलं. त्यातला एक नुकताच बेंचवरून, म्हणजे प्रोजेक्ट नसलेल्यांतून, आलेला, काम शिकत होता, एवढाच त्याचा दोष. पाच आठवड्यांनी त्या चौघांतले तिघं गेले. मला अधिकृतपणे कळलं आदल्या संध्याकाळी साडेसातला. एचआरचा फोन, वाचून दाखवायचा मजकूर, आणि 'एक शब्द इकडचा तिकडे नको' ही ताकीद.

मग मला माहीत होतं का? कागदोपत्री नाही. पण सोडून गेलेल्यांच्या जागा भरणं थांबलं होतं, प्रवासाची मंजुरी बंद झाली होती. मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर ते पोटात ठेवून रोज त्यांच्याच डब्यातली भाजी खावी लागली असती.

मोठ्या कंपन्यांत तर मॅनेजरला मुद्दाम बाहेर ठेवतात. बातमी फुटू नये, आणि त्यानं आपल्या माणसासाठी रदबदली करू नये. 20 जानेवारी 2023 ला गूगलनं सुमारे 12,000 जणांची कपात जाहीर केली. अमेरिकेतल्या लोकांना ईमेलनं कळवलं, आणि आपल्या टीममधलं कोण गेलं हे कित्येक मॅनेजरांनाही तेव्हाच समजलं. तिथं निदान 1988 चा वॉर्न कायदा आहे. मोठ्या कपातीआधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे आयटीत बऱ्याचदा राजीनामाच लिहून घेतात. म्हणजे कागदावर कपात झालीच नाही! (सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा, हे जाता जाता.)

तर बाई, शुक्रवारी त्याला तुझं नाव बहुधा ठाऊक नसावं. त्याआधीच्या एखाद्या शीटवर त्यानं काय भरलं, ते मात्र विचार. सांगेलच असं नाही. माझ्या तिघांपैकी एकानं विचारलं होतं. मी म्हणालो, "अरे, मलाही कालच कळलं."