तेरा लाखांचं कुंपण

मंडळी, नमस्कार. फराळाआधी कायद्याचं बोलायला उभी आहे, म्हणून थोडक्यात आटपते.

२०२५ च्या ऑक्टोबरात साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. पण नवरा-बायकोला वेगवेगळी आडनावं ठेवू द्यायला त्यांचाच विरोध आहे. कायद्याने जपानी जोडप्याचं आडनाव एकच लागतं आणि ते बदलते बहुतेक वेळा बायकोच. बाई खुर्चीत बसली म्हणून बायकांचे प्रश्न सुटत नाहीत, हे आपल्याला इंदिराबाईंच्या काळापासून ठाऊक आहे.

मला खरं बोलायचंय ते पैशांबद्दल. १९८५ मध्ये इथे जपानच्या संसदेने दोन कायदे केले. एक नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा. दुसरा पेन्शनचा: नोकरदाराच्या बायकोची कमाई ठराविक मर्यादेत राहिली, तर हप्ता न भरता तिला मूळ पेन्शन. दोन्ही एप्रिल १९८६ पासून लागू. 'या, काम करा' आणि 'फार करू नका', एकाच महिन्यात!

ती मर्यादा आज वर्षाला १३ लाख येन आहे; हेच ते कुंपण. डिसेंबर आला की सुपरमार्केटात बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे, भरणाऱ्या बायका फोनवर तासांची बेरीज मांडतात आणि ऐन गर्दीत सुट्टी मागतात. कुंपण ओलांडलं, तर पेन्शनचा हप्ता स्वतः भरायचा (२०२५ च्या आर्थिक वर्षात तो महिन्याला १७,५१० येन होता), वर आरोग्य विमा वेगळा. त्यातून पगारवाढ उलटी पडते. २०२५ मध्ये टोकियोतलं किमान वेतन तासाला १,१६३ वरून १,२२६ येन झालं, मर्यादा मात्र हलली नाही. म्हणजे वर्षाचे पन्नासेक तास आणखी कमी.

आता आपल्या घरात या. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. पण टोकियोतल्या किमान वेतनावर आठवड्याला वीसेक तासांतच वर्षाचे १३ लाख भरतात. पुण्यात टीम सांभाळणारी मुलगी इथे येऊन वीस तासांत बसते, आणि आपण म्हणतो, 'तिला घरीच आवडतं.'

पुरुष मंडळींना एकच सांगते. २०२४ मध्ये इथल्या पात्र बापांपैकी ४०.५ टक्क्यांनी बालसंगोपन रजा घेतली. 'आमच्यात कुणी घेत नाही' ही सबब आता चालणार नाही.

२०२५ च्या पेन्शन सुधारणेतही बायकोच्या बिनहप्त्याच्या पेन्शनची सवलत जागच्या जागी राहिली. मोठ्या कंपन्यांत नियम वेगळा आहे, तिथे स्वतःचा विमा आणि वाढीव पेन्शन मिळू शकते. ज्यांना हिशेब करून हवाय, त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा; पगाराची स्लिप मात्र बरोबर असू द्या.