खिडकी बदलायची म्हणजे नेमके कशाचे पैसे?

श्रोतेहो, नमस्कार.

कडाक्याच्या थंडीच्या शहरात जुनं घर घेतलं की पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच खिडक्यांचा विषय निघतो. काचेजवळ बसवत नाही, सकाळी तावदानाच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं असतं, आणि खिडकी बंद असूनही पडदा हलतो. मग कोटेशन मागवलं जातं, आणि तो आकडा बघून माणूस थंडीपेक्षा जास्त गारठतो! एका खिडकीचाच भाव ऐकवत नाही, आणि घरात तशा दहा-पंधरा असतात. हा आकडा कसा तयार होतो आणि त्यातला किती भाग टाळता येतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

बहुतेकांना वाटतं, पैसे काचेचे. काच महाग असते हे खरं, पण कोटेशन फुगतं ते भिंतीपाशी. खिडकी बदलायच्या दोन पद्धती आहेत. एक, जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची. काम अर्ध्या दिवसात होतं, भिंतीला धक्का लागत नाही, खर्च कमी. फक्त चौकटीत चौकट आल्यामुळे काच थोडी लहान होते. दुसरी, चौकटीसकट सगळं उखडायचं. मग बाहेरचं आवरण कापा, आतल्या पट्ट्या काढा, पाणी आत मुरू नये म्हणून भोकाच्या कडेला जलरोधक पट्टी लावा, फोम भरा, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ते इथे.

पण दुसरी पद्धत केव्हा टाळता येत नाही, हे आधी बघून ठेवा. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. लाकडी चौकटीचा खालचा कोपरा घ्या, पाणी कायम तिथेच ओघळतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात दाबा. लाकूड टणक असेल तर टोक अडतं. ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर लाकूड कुजलंय, आणि त्यावर नवी खिडकी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. कंत्राटदार ही तपासणी न करता, नुसतं टेपने माप घेऊन भाव सांगत असेल, तर तो भाव काम सुरू झाल्यावर वाढणार असं धरून चाला.

आता काच. काचेतून उष्णता किती निसटते हे यू-व्हॅल्यू या आकड्याने मोजतात. आकडा जितका लहान, तितकी खिडकी चांगली. एकेरी काचेचा साधारण ५.७. दोन काचा आणि मध्ये नुसती हवा अशा जुन्या खिडकीचा २.८च्या आसपास. दोन काचा, मध्ये आर्गॉन वायू आणि एका काचेवर चांदीचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर असेल, तर १.२पर्यंत खाली येतो. हा थर खोलीतल्या उष्णतेला परत खोलीत पाठवतो. तिहेरी काचेचा आकडा ०.८ किंवा त्याहूनही कमी. काचेचे हे आकडे झाले. चौकट धरून सबंध खिडकीचा आकडा वेगळा येतो, तेव्हा विक्रेता कोणता आकडा सांगतोय ते विचारून घ्या.

हिशेब करून बघू. दीड चौरस मीटर काच धरा, आणि शहर असं की तिथे वर्षाला ४,५०० हीटिंग डिग्री-डे भरतात, म्हणजे हिवाळा चांगलाच खडतर. (बाहेरचं तापमान एका ठरावीक पातळीच्या रोज जितके अंश खाली असतं, त्या अंशांची वर्षभराची बेरीज म्हणजे हीटिंग डिग्री-डे.) एकेरी काचेतून वर्षाला सुमारे ९२० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता जाते. जुन्या दुहेरीतून साडेचारशे. आर्गॉनवाल्या दुहेरीतून १९५. तिहेरीतून १३०. उन्हातून मिळणारी ऊब आणि फटींतून येणारा वारा यात धरलेला नाही.

या आकड्यांकडे जरा नीट बघा. एकेरीवरून चांगल्या दुहेरीवर गेलात तर सव्वासातशे युनिट वाचतात. दुहेरीवरून तिहेरीवर गेलात तर आणखी ६५. आणि तुमच्याकडे आधीच जुनी दुहेरी असेल, तर नव्या दुहेरीने मिळतात अडीचशेच्या थोडे वर. या अडीचशेला आपल्या गॅसच्या किंवा विजेच्या दराने गुणा आणि खिडकीच्या भावाशेजारी ठेवा. पैसे वसूल व्हायला बहुतेक ठिकाणी दशकं लागतात. ‘पाच वर्षांत बिलातून निघेल’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडून हा गुणाकार कागदावर मागा.

मग तिहेरी घेऊच नये का? तसं मुळीच नाही. बाहेर उणे २० आणि खोलीत २० अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्या बरीच खाली जाते, म्हणून तिच्यावर बर्फाची नक्षी उठते. जुन्या दुहेरीची आतली बाजू पाच-सहा अंशांवर असते. खोलीत ४० टक्के आर्द्रता असेल तर सहा अंशांच्या सुमाराला दव धरतं, तेव्हा पाणी येणारच. तिहेरीची तीच बाजू पंधरा-सोळा अंशांवर राहते. खिडकीला लागून पलंग आहे, लहान मूल तिथे झोपतं, अशा खोलीत तिहेरी काच मला योग्य वाटते. पण ती आरामाची किंमत आहे, बचतीची नव्हे. आणि ती सगळ्या घराला लावायची गरज नसते.

दुकानात दाखवलेल्या काचेवर तो चांदीचा थर खरंच आहे का, तेही बघता येतं. लायटरची ज्योत काचेजवळ धरा. दुहेरी काचेत तिची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातल्या एकाचा रंग वेगळा दिसला तर थर आहे. चारही सारखी असतील तर साधी काच.

चौकटीबद्दल थोडक्यात. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, स्वस्त आणि ऊब राखणारी, लाकूड देखणं पण रंगरंगोटी मागणारं. ॲल्युमिनियम घेतलंत तर आतला आणि बाहेरचा धातू मध्ये उष्णतारोधक पट्टी घालून तोडलेला असलाच पाहिजे, नाहीतर चौकटीवरच पाणी सुटतं. सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची खिडकी वारा जास्त चांगला अडवते, कारण झडप बंद करताना रबर दाबलं जातं.

कोटेशनवर सही करायच्या आधी एक वाऱ्याचा दिवस निवडा आणि पेटलेली अगरबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकडा होतो तिथे फट. कित्येकदा काच ठीक असते, गॅस्केट, म्हणजे फट बंद ठेवणारी रबरी पट्टी, तेवढं वाळून कडक झालेलं असतं. ते बदलायला खिडकीच्या भावाचा अगदी छोटा अंश लागतो. दोन काचांच्या मध्ये धुकं दिसत असेल तर काचांच्या कडा हवाबंद ठेवणारं सील गेलंय. तरीही चौकट धडधाकट असल्यास नुसता काचेचा संच बदलून मिळतो, पण हे विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. एकेरी काचेची जुनी पण मजबूत लाकडी खिडकी असेल, तर तिच्यावर दुसरी जोडखिडकी चढवूनही बराच फरक पडतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. फटी बुजल्या की घरातली वाफ बाहेर जायची वाटही बुजते. नव्या खिडक्यांनंतर भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी दिसू लागली, तर बहुधा दोष खिडकीचा नसतो. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा बाहेर हवा फेकतो की नुसताच गरगरतो, ते तपासा. उलट, चांगल्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला पहाटे दव दिसलं तर घाबरू नका. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार राहते.

शेवटी कागदपत्रं. काचेच्या सीलची हमी, चौकटीची हमी आणि बसवण्याच्या कामाची हमी या तिन्ही वेगळ्या असतात, आणि सगळ्यात कमी मुदत सहसा कामाच्या हमीची असते. ती वाढवून मागा. जुन्या खिडक्या उचलून नेणं, मचाण, आतल्या पट्ट्यांचा रंग, हे भावात धरलंय की नाही ते लिहून घ्या. गर्दीचा हंगाम सोडून काम काढलंत तर भाव थोडा उतरतो. मात्र कडक थंडीत सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, नीट धरत नाही, तेव्हा किती अंशांपर्यंत चालणारं सीलंट वापरणार, हे कंत्राटदाराला विचारा आणि डब्यावर छापलेलं तापमान स्वतः वाचा.

नमस्कार.