लाईट कधी येते?

(दृश्य : निफाड तालुका. जानेवारी. रात्रीचे दोन.)

थ्री फेज, म्हणजे शेतातली मोटार चालवणारी वीज, आली. मोटार धडधडली, पाइपातून आधी हवा सुटली, मग पाणी. बॅटरीच्या उजेडात शेतकरी कांद्याला दारं धरतोय, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी सोडतोय. खिशातला मोबाइल मोठ्यानं वाजतोय. हौस म्हणून नाही, शेजारच्या उसात बिबट्या असेल तर त्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून.

शेतीला रात्रीची लाईट का? कारण कोळसा. औष्णिक संच, म्हणजे कोळसा जाळून वीज बनवणारं यंत्र, घरातल्या पंख्यासारखा बटणावर बंद-चालू होत नाही. एकदा थंड झाला की पुन्हा तापायला तासन्‌तास लागतात. रात्री शहर झोपतं, मागणी उतरते, संच मात्र फिरतच राहतात. ती वीज कुठंतरी खपवायला हवी, म्हणून ती शेताकडं वळली.

(दृश्य : एकलहरे, नाशिकजवळचं औष्णिक वीजकेंद्र. कोळशाची मालगाडी.)

इथले चालू संच तीन, प्रत्येकी २१० मेगावॉटचे, १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले. एक संच पूर्ण भारावर तासाला दीडशे टनांच्या आसपास कोळसा खातो. म्हणजे एका संचाला दिवसाला जवळपास एक अख्खी मालगाडी, तीही विदर्भातून. देशाचा राष्ट्रीय वीज आराखडा दर पाच वर्षांनी होतो, संच मात्र चाळीस वर्षं जगतात. सत्तरच्या दशकात कागदावर घेतलेला निर्णय आजही इथल्या चिमणीतून बाहेर पडतोय.

आणि निर्णय चुकला तर? सिन्नरला जाऊन बघा. १३५० मेगावॉटचा प्रकल्प बांधून झाला, चिमण्या उभ्या राहिल्या, पण वीजखरेदीचा करार आणि कोळसा आणणारा रूळ काही वेळेवर जुळले नाहीत. वर्षानुवर्षं तिथून वीज बाहेर पडली नाही.

(दृश्य : माळावरची सौर पॅनेलं. दुपार.)

आता सूर्याची पाळी. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणारी क्षमता, २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेऊ, अशी देशाची उद्दिष्टं आहेत. यातली अर्धी गोष्ट तरी दारं धरणाऱ्याच्या फायद्याची आहे. कृषी फीडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणारी वाहिनी, सौर झाला की पाणी दिवसा भरता येतं. उन्हात मोटार चालवायला बिबट्याची परवानगी लागत नाही.

पण संध्याकाळी सातला काय? ऊन गेलेलं, आणि नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली यंत्रं, सिडकोतले टीव्ही, घराघरातले गिझर, सगळं एकदम चालू. क्षमतेचे आकडे इथं फसवे ठरतात, कारण मेगावॉट भिंतीवर लिहिलेला असतो, वीज तासाच्या हिशेबानं लागते. देशात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही ७० टक्क्यांच्या आसपास आहे, तो याचसाठी.

(दृश्य : घाटघर. कड्याखाली जलाशय.)

उत्तर इगतपुरीच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. घाटघरला वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज बनते, आणि स्वस्त विजेच्या वेळी तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. पूर्वी ही स्वस्त वेळ रात्री असायची. आता ती भर दुपारी येते. जेवढी वीज चढवायला लागते तेवढी परत मिळत नाही, थोडी गळतेच. तरी माझा कौल घाटघरलाच. असे कडे या डोंगररांगेत आणखी आहेत. जंगल आणि आदिवासी पाडे मात्र त्याच कड्यांवर आहेत.

(दृश्य : पांडवलेणीमागं मावळतं ऊन. मग एकलहरे.)

सात वाजत आलेत. माळावरचे मीटर शून्याकडं उतरताहेत. यार्डात मालगाडी रिकामी होतेय, पट्ट्यावरून कोळसा वर चाललाय. निफाडात वेलीखाली पाइप आवरून ठेवलेत. आज पाणी दुपारीच भरून झालं.