बहात्तरावा हिस्सा

हे हातातलं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं छोटं विमान, एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं आहे. विमान स्पिटफायर मार्क नाइन, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. साचा १९६० चा. प्रमाण १/७२, म्हणजे सहा फुटी माणूस इथे इंचभर उंचीचा. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटर, तो इथे साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास.

पंखावरून बोट फिरवा. बारीक बारीक फोड लागतील, ते रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. एकेक पाव मिलिमीटरचा धरला तरी बहात्तर पटीने अठरा मिलिमीटर होतो. खऱ्या स्पिटफायरच्या पंखावर रिव्हेट पत्र्याशी सपाट बसवलेले होते. गोल डोक्यांचे स्वस्त रिव्हेट चालतील का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडवलं, तर वेग ताशी सुमारे पस्तीस किलोमीटरने घटला. इतका फरक पडत होता.

म्हणून बरेच जण जुनं किट उघडलं की हे फोड घासून काढायला आधी पॉलिश पेपर घेतात. मी घेत नाही. साचा कोरणाऱ्याने ते ठिपके एकेक करून उमटवलेत. त्याचं काम पुसून नव्या किटसारखं गुळगुळीत विमान करायचं असेल तर नवं किटच आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सांध्यांना मात्र लांबी (पुट्टी) भरतो, कारण फट हा साच्याचा दोष, ती राखण्यात अर्थ नाही.

चिकटवण्याबद्दल एक सांगतो. या कामाचा गोंद खरं तर प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकजीव होतात. काचेसारख्या कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, तो लागला की ती कायमची धुरकटते. माझी पहिली कॅनॉपी तशीच गेली आणि जुन्या किटला दुसरी मिळत नाही. तिथे फेव्हिकॉल वापरा. वाळला की पारदर्शक होतो.

सगळ्यात जिवावर येतं ते डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची अक्षरं आणि चिन्हं. जुना कागद पिवळा पडलेला असतो. तो खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवला की काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. मग वरून पातळ व्हार्निशचा हात, नाहीतर पाण्यात टाकताच अक्षरांचे तुकडे होतात. या पानावरची अक्षरं जे ई जे. जेम्स एडगर जॉन्सन, म्हणजे ब्रिटिश लढाऊ वैमानिक जॉनी जॉन्सन, यांची आद्याक्षरं. विंग कमांडरला विमानावर स्वतःची आद्याक्षरं लावायची मुभा असे.

परवा रात्री ती बसवली. ओल्या ब्रशने मधली हवा काढत गेलो. अक्षर सुकून ताणलं गेलं तेव्हा रंगाखालून ते सगळे ठिपके पुन्हा वर आले, ओळीने, एकही न चुकता.