दंड किती आणि कोणाला? समलिंगी संबंधांचा इतिहास वाचताना

नाशिककर श्रोतेहो,

समलिंगी संबंधांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ हे एक. ‘आपल्याकडे सगळं खुलं होतं, इंग्रजांनी बिघडवलं’ हे दुसरं. पुराव्यापुढे दोन्ही टिकत नाहीत. म्हणून आज एक साधी पद्धत मांडतो. त्या त्या काळाने या संबंधांना दंड किती ठेवला, कोणाला ठेवला आणि नेमका कशासाठी, हे आधी पाहायचं.

मनुस्मृतीचा अकरावा अध्याय घ्या. पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाला प्रायश्चित्त आहे सचैल स्नान, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांनिशी आंघोळ. गोदाकाठच्या माणसांना ते वेगळं समजावायला नको. त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या स्त्रीशी केलेल्या संगालाही हेच प्रायश्चित्त आहे. पण इथेच थांबून ‘बघा, किती उदार होते’ असं म्हटलं की घात होतो. याच अध्यायात हे कृत्य जातिभ्रंश करणाऱ्या पातकांतही मोजलेलं आहे.

आता आठवा अध्याय. एका कन्येने दुसऱ्या कन्येला दूषित केलं, तर 200 पण (त्या काळचं नाणं) दंड, कन्याशुल्काच्या, म्हणजे लग्नात मुलीच्या बापाला मिळणाऱ्या रकमेच्या, दुप्पट रक्कम आणि दहा फटके. मोठ्या स्त्रीने तेच केलं, तर मुंडन किंवा दोन बोटं छाटणं, शिवाय गाढवावरून धिंड. हे वाचून स्त्रियांच्या प्रेमावर मनूचा विशेष राग होता, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. दोनच श्लोक मागे जा. कन्येवर बळजोरी करणाऱ्या पुरुषाचीही दोन बोटं छाटायला सांगितली आहेत. म्हणजे इथे गुन्हा समलिंगी असण्याचा नाही, कौमार्यभंगाचा आहे. मुलीच्या कौमार्याला बापाच्या घरी किंमत होती, म्हणून शुल्काची भरपाई. संदर्भ सोडून श्लोक उचलला की अर्थ असा उलटा होतो.

कौटिल्य पुरुषा-पुरुषांतल्या संगाला सर्वांत खालचा, पूर्वसाहस दंड सांगतो, म्हणजे 48 ते 96 पण. कामसूत्रातला औपरिष्टकाचा, म्हणजे मुखमैथुनाचा, अध्याय तर तृतीया प्रकृतीच्या, म्हणजे रूढ स्त्री-पुरुष विभागणीत न बसणाऱ्या, माणसांचे व्यवसाय आणि रीती सरळ वर्णन करून सांगतो. नापसंती आहे, दंड आहे, वर्णनही आहे. फाशी मात्र नाही. आपल्या जुन्या पुराव्यांतून एवढंच ठामपणे म्हणता येतं, आणि मला ते पुरेसं महत्त्वाचं वाटतं.

बाहेरच्या देशांचे पुरावेही असेच सांभाळून वाचावे लागतात. ग्रीसमध्ये थीब्ज नगराची 300 सैनिकांची तुकडी प्रेमी जोड्यांची होती असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. इ.स.पू. 338 मध्ये खैरोनियाच्या लढाईत ती नष्ट झाली. तिथे उत्खननात 254 सांगाडे रांगांत पुरलेले सापडले. ते सांगाडे लढाईची साक्ष देतात, प्रेमाची नाही. प्रेमाची साक्ष प्लुटार्कची, आणि तो चार शतकांहून अधिक काळानंतरचा. इजिप्तमध्ये सक्कारा इथे न्यांखख्नुम आणि ख्नुमहोतेप या दोन राजसेवकांची सुमारे 4400 वर्षांपूर्वीची एकत्र कबर आहे. भिंतीवर दोघे नाकाला नाक लावून उभे आहेत. कोणी त्यांना जोडीदार म्हणतं, कोणी जुळे भाऊ. दोघांच्या बायका-मुलंही त्याच भिंतींवर आहेत. अशा ठिकाणी आजचं नाव घाईने चिकटवू नये.

आता इंग्लंड. आठव्या हेन्रीच्या काळात, 1533 साली, पुरुषा-पुरुषांतल्या संगाला मृत्युदंड ठरला. तिथली शेवटची फाशी 1835 सालची, जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांची. फाशीची तरतूद निघाली 1861 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे भारतीय दंड संहिता आली. कलम 377 प्रमाणे ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असं मुळीच नाही. फ्रान्सने 1791 मध्येच हा गुन्हा कायद्यातून काढला होता, आणि 1858 च्या ऑटोमन दंड संहितेतही तो नव्हता.

या कलमात मोठी खोट होती. संमती आहे की नाही, याला त्यात काही किंमतच नव्हती. ‘निसर्गक्रम’ म्हणजे काय, हेही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे न्यायालयं अर्थ ताणत गेली. सिंधमधल्या 1925 च्या खानू खटल्यात मुखमैथुनही त्यात बसवलं गेलं. कोर्टापर्यंत गेलेले खटले थोडे. धमकावून पैसे उकळायला मात्र कलमाचं नुसतं नाव पुरत असे.

या धाकाच्या काळात महाराष्ट्रात एक माणूस उघडपणे लिहीत होता, र. धों. कर्वे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही, उत्तरं दिल्याबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. या शहरातल्या काळाराम सत्याग्रहाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी या इतिहासात मला ते पान फार मोलाचं वाटतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम 377 मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द केला, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत आणला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 377 ची जागाच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावरच्या बलात्कारासाठी पूर्वी लागणारं कलमही गेलं. ही पोकळी गंभीर आहे आणि ती भरायला हवी.

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला. त्याचा परिणाम रोजच्या कागदपत्रांत दिसतो. एकत्र बँक खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. खातेदार गेला की पैसे नॉमिनीच्या हाती येतात, मालकी मात्र कायदेशीर वारसांची, आणि त्या यादीत समलिंगी जोडीदार नसतो. म्हणून स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, ते लाभार्थी नसावेत. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून ठेवावी, कारण पुढे भाऊबंदांनी सही खोटी म्हटली तर तीच उपयोगी पडते.