भज्यांच्या पुडीतलं आधार कार्ड

नमस्कार श्रोतेहो. मागच्या रविवारी बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरच्या बाजारात भजी घेतली. पुडी सोडली, तर खाली कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स. फोटो, पत्ता, जन्मतारीख, सगळ्यावर तेलाचे डाग. बिचाऱ्यानं ती कुठल्या कामाला दिली असेल कोण जाणे, भज्यांसाठी तर खास नाही.

हे सांगायचं कारण, आता इंटरनेटवरही वयाचा दाखला मागायला लागलेत. ब्रिटनमध्ये 25 जुलै 2025 पासून अश्लील साइटवर जाणाऱ्याचं वय तपासावंच लागतं. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. पोरांची काळजी कुणाला नाही? पण पोर कोण हे ओळखायचं, तर थोरांनाही आपलं वय पटवून द्यावं लागतं. आणि दाखवलेला कागद परत आपल्याच खिशात येईल याची खात्री नाही. गप्पांचं ॲप चालवणाऱ्या डिस्कॉर्ड या कंपनीनं ऑक्टोबर 2025 मध्ये कबूल केलं, की सुमारे 70,000 लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. वयाच्या तक्रारी तपासायला म्हणून घेतलेले ते फोटो. म्हणजे भज्यांची पुडीच की, फक्त जगभर फिरणारी!

आपल्याकडं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुलांबद्दलचं कलम लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. त्यात 18 खालचं प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घेण्याआधी पालकाची संमती हवी, तीही पडताळता येईल अशी. आता आपल्या गावचं घर बघा. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, बाप गोव्यात कामाला, सिम काकाच्या नावावर, घरात आजी. कायद्याला चालतात आई-बाप नाहीतर कायदेशीर पालक. पोरीला वाढवणारी आजी त्यात आपोआप बसत नाही.

एक गोष्ट मात्र मला आवडली. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, तीही त्याच मुदतीनंतर. मराठी त्यात आहे. मराठी परिपत्रकासाठी आपण सीमाभागातली माणसं किती वर्षं निवेदनं देतोय, मी सांगायला नको. इथं न भांडता मिळणार आहे, तर मागून घ्या.

डिजिलॉकरसारख्या, कागदपत्रं ऑनलाइन ठेवणाऱ्या सरकारी सेवेतून टोकन, म्हणजे कागदाऐवजी नुसती डिजिटल खूण, देण्याची वाटही नियमांत आहे. नीट राबवली, तर समोरच्याला 'अठरा पूर्ण' एवढंच कळेल, जन्मतारीख आणि पत्ता नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये सांगितलं, तेही आधारच्याच वादातून. तो अर्ज करणारे के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती.

ती झेरॉक्स मी घरी आणून बंबात घातली. भजीवाल्याकडं मात्र अजून गठ्ठा होता.