कुठली गणितं सोडून द्यायची?

[दृश्य : मागचं झाकण काढलेला फोन. कडेने चिकटवलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या.]

या कडेच्या पट्ट्या म्हणजे फोनच्या अँटेना. आपण चार धरू. समोर टॉवरवरच्या चार अँटेना एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, चार वेगवेगळे सिग्नल सोडतायत. भिंतींवर, गाड्यांवर आपटत ते फोनपर्यंत येतात तोवर चौघांची पार सरमिसळ झालेली असते. प्रत्येक पट्टीला चौघेही ऐकू येतात, कुणी मोठ्याने, कुणी हळू. वर नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, आहेच. यातून कोण काय म्हणालं, ते फोनने ओळखायचं.

या पद्धतीला मायमो म्हणतात. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जेरार्ड फॉशिनी यांनी 1996 साली दाखवलं, की दोन्हीकडे अँटेना वाढवत गेलं तर तेवढ्याच फ्रिक्वेन्सीत आणि तेवढ्याच पॉवरमध्ये वेगही साधारण त्याच प्रमाणात वाढू शकतो. फुकट काहीच मिळत नसतं. याची पावती रिसीव्हरच्या नावावर फाटते.

[दृश्य : पडद्यावर 64 ठिपक्यांची चौकट. मग तशा चार.]

किती रुपयांची, असं विचारू नका. किती गुणाकारांची, ते बघू. 64-क्वाम या सिग्नल पाठवायच्या पद्धतीत प्रत्येक सिग्नल या 64 ठिपक्यांपैकी एक असतो. अचूक उत्तर हवं तर सरळ मार्ग असा : चार सिग्नलांची प्रत्येक जोडणी घ्यायची, ती या चॅनलमधून, म्हणजे टॉवर ते फोन या वाटेतून, गेली असती तर कशी दिसली असती ते काढायचं, आणि खरोखर आलेल्या सिग्नलशी ताडून बघायचं. सगळ्यात जवळची ती जिंकली. जोडण्या किती? 64 चा चौथा घात, म्हणजे 1,67,77,216.

आणि हे एकदा करून भागत नाही. 20 मेगाहर्ट्झच्या एलटीईमध्ये, म्हणजे 4जीमध्ये, 1,200 सबकॅरिअर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे बारीक कप्पे असतात, आणि एका मिलिसेकंदात साधारणपणे 14 सिम्बॉल, म्हणजे पाठवायच्या खेपा. म्हणजे मिलिसेकंदाला 16,800 कोडी, सेकंदाला 1 कोटी 68 लाख. त्यातली काही जागा पायलट सिग्नल, म्हणजे चॅनल मोजायला सोडलेले आधीच ठाऊक असलेले सिग्नल, खातात, तेवढी वजा करा. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले हा निव्वळ योगायोग. पण त्यांचा गुणाकार होतो सेकंदाला सुमारे 280 लाख कोटी तुलना. असा फोन हातात धरवणार नाही.

दुसरं टोक स्वस्त आहे. चॅनलचं मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या पट्टीला कोण किती ऐकू येतं त्याचा आकड्यांचा तक्ता, उलटं करा, आलेल्या सिग्नलला त्याने गुणा, जवळचा ठिपका निवडा. याला झिरो फोर्सिंग म्हणतात. चॅनल चांगला असेल तर काम फत्ते. पण दोन सिग्नल जवळजवळ एकाच वाटेने आले असतील तर त्यांना ओढून वेगळं करताना नॉइजही तितकाच फुगतो. एमएमएसई हा त्याचाच जरा समंजस भाऊ. नॉइज किती आहे याचा तो आधी अंदाज घेतो, पण स्वभाव तोच.

मधली वाट आली ती अंकगणिताच्या प्रांतातून. पोस्ट आणि फिन्के या गणितज्ञांनी 1985 साली जाळीसारख्या मांडलेल्या बिंदूंमधून लहान अंतरं शोधायची एक रीत मांडली. फोन त्यांच्या मनातही नव्हता. पुढे 1999 मध्ये विटेर्बो आणि बुत्रो यांनी तीच रीत वायरलेस रिसीव्हरला लावली. नाव पडलं स्फिअर डिकोडर.

[दृश्य : कागद, पेन्सिल. हात आकडे लिहितो.]

छोटं उदाहरण कागदावरच करू. दोनच सिग्नल, प्रत्येकाला चार किमती : उणे 3, उणे 1, 1, 3. एकूण 16 जोडण्या. मॅट्रिक्सची आधी क्यूआर फोड करतात, म्हणजे खालच्या ओळीत एकच अज्ञात उरतो. समजा खालची ओळ म्हणते, दुसरा सिग्नल अधिक नॉइज बरोबर उणे 2.6. वरची म्हणते, पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा, त्यात नॉइज, बरोबर उणे 0.6.

खालून सुरू करू. दुसऱ्या सिग्नलची प्रत्येक किंमत म्हणजे झाडाची एक फांदी, आणि पहिल्याच्या किमती तिच्यावरच्या डहाळ्या. उणे 2.6 ला सर्वांत जवळ उणे 3. चूक 0.4, वर्ग 0.16. आता वरच्या ओळीत दुसऱ्याच्या जागी उणे 3 घाला. पहिला 1 घेतला तर पुन्हा चूक 0.4, वर्ग 0.16. बेरीज 0.32. एक पूर्ण उत्तर हातात आलं.

आता दुसरा सिग्नल उणे 1 असता तर? एकट्या खालच्या ओळीचीच चूक 1.6, वर्ग 2.56, म्हणजे हातातल्या 0.32 हून आधीच जास्त. वरची ओळ बघायचीही गरज नाही, कारण वर्ग मिळवत गेल्यावर बेरीज वाढतेच. 1 आणि 3 तर आणखी लांब. सगळी फांदी तोडली. उणे 3 च्याच फांदीवर पहिल्याचा पुढचा पर्याय 3, तिथे वर्ग 12.96. तोही गेला. 16 पैकी एकच जोडणी पूर्ण तपासली, आणि उत्तर अचूक आहे याची खात्रीही आहे. मला यातलं हेच आवडतं : सोडून दिलेल्या एकाही शक्यतेबद्दल मनात किंतु राहत नाही.

आता खालच्या ओळीचा गुणक 1 ऐवजी 0.1 करा. चॅनल कमकुवत झाला, एवढंच. दोन शेजारच्या किमतींतलं अंतर उरलं 0.2, त्याचा वर्ग 0.04. नॉइज त्याहून मोठा. खालच्या पायरीवर चौघेही सारखेच दिसतात, एकही फांदी तुटत नाही, आणि डिकोडर सगळं झाड चढत बसतो.

चिप बनवणाऱ्यांची चिडचिड इथेच होते. आज पाच पावलांत संपणारं काम उद्या पाच हजार पावलं घेणार असेल, तर मिलिसेकंदाचं वेळापत्रक पाळायचं कसं? सरासरीने तरी बरं निघेल, ही आशाही टिकली नाही. 2005 मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या यालडेन आणि ओटरस्टेन यांनी दाखवून दिलं, की नॉइजची पातळी ठरलेली असेल तर सिग्नल वाढतील तशी सरासरी मेहनतही घातांकानेच वाढते. नॉइज कमी असेल तर घातांक लहान असतो, म्हणून चारपाच सिग्नलांपर्यंत निभावतं.

मग हार्डवेअरवाल्यांनी व्यवहार बघितला. के-बेस्ट पद्धतीत प्रत्येक पायरीवर सर्वांत चांगल्या ठरावीक फांद्याच ठेवतात, समजा 16, बाकीच्यांना रजा. खरं उत्तर कधीतरी हातचं सुटतं, पण वेळ पक्की. माझ्या मते सौदा चांगला आहे. शिवाय पुढच्या एरर करेक्शनला, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या टप्प्याला, नुसतं शून्य की एक एवढं पुरत नाही, किती खात्रीने ते हवं असतं, आणि त्यासाठी हरलेले उमेदवारही लागतात. ही यादी तिथे आयती कामाला येते.

[दृश्य : बेस स्टेशनचं रुंद अँटेना पॅनल.]

टॉवरकडे मात्र वेगळंच घडलं. थॉमस मार्झेटा यांनी 2010 मध्ये मांडलं, की फोन थोडे आणि टॉवरवर अँटेना भरपूर असतील तर प्रत्येक फोनच्या सिग्नलची ठेवण इतरांहून आपोआप वेगळी पडते. 64 अँटेना आणि 8 फोन असले की साधा एमएमएसईही उत्तमाच्या जवळ जातो. तिथे डोकेदुखी उरते ती मॅट्रिक्स उलटं करण्याची. फोन दुप्पट झाले की ते काम आठपट.

फोनच्या खिशात 64 अँटेना मावत नाहीत. पण त्याच्याकडे आणखी एक उपाय आहे. चॅनल मोजून तो टॉवरला कळवतो, की आत्ता मला एकाच वेळी किती सिग्नल झेपतील. भिंतीआड गेल्यावर तो चारऐवजी दोन सांगतो. टॉवरने ते मानलं, की पुढच्या पॅकेटात दोनच येतात. 1 कोटी 67 लाखांच्या जागी 4,096 जोडण्या.